रस्ते बांधणाऱ्या फौजीचा सत्कार कसा करावा? (आणि त्यांच्या कानांचं, धाप लागण्याचं काय?)

मुलुंडकरीण

बाबा आर्मीच्या इंजिनिअर्समध्ये होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. युनिट आणि जागा मुद्दाम लिहीत नाही. दापोडीच्या सीएमईत, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, बांधकामाचा कोर्स झाल्यामुळे जवळजवळ सगळी नोकरी रस्ते, पूल, बंकर, हेलिपॅड, बराकी हे करण्यात गेली. त्यातली बरीच वर्षं लडाखमध्ये आणि सिक्कीममध्ये.

सोसायटीच्या कमिटीने २६ जानेवारीला त्यांचा सत्कार ठरवलाय. शाल, श्रीफळ, सेक्रेटरींचं भाषण, मग वडा-चहा. बाबा म्हणतात, "मी कुठे लढलो? गवंड्याचा कसला सत्कार करताय?" हे ते चेष्टेत म्हणत नाहीत. कारगिलवर बोलायला कोणी बोलावलं की शेजारच्या विंगमधल्या इन्फंट्रीवाल्या काकांचं नाव पुढे करतात.

दुसरी गोष्ट अशी की त्यांना भाषण ऐकूच येणार नाही. दोन्ही कान गेल्यात जमा आहेत. मुलुंड स्टेशनचा पूल चढताना प्रत्येक टप्प्यावर थांबतात, खोकला तर कायमचाच. मध्यंतरी टीबीचा पूर्ण कोर्स झाला, थुंकीत काही सापडलं नव्हतं तरी एक्स-रे पाहून औषधं दिली. फरक शून्य. आता सगळे डॉक्टर "वय झालं" एवढंच म्हणतात.

सत्कार कसा करावा हे तर विचारायचंच आहे, पण हे दुखणं नोकरीतलं असू शकतं का? कोणाच्या घरी असा अनुभव आहे का?

खडकीवाला

ताई, आधी बाबांना माझा रामराम सांगा. मीही सॅपर, म्हणजे आर्मीच्या इंजिनिअर्समधलाच.

"मी कुठे लढलो" हे आमच्या बहुतेक लोकांचं पालुपद असतं. त्यांना एवढंच विचारा, राणे साहेब कोण होते? सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, बॉम्बे सॅपर्स, गाव कारवारकडचं. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्ता मोकळा करायचा होता. सुरुंग पेरलेले, झाडं आडवी टाकलेली, वरून तोफगोळे आणि मशीनगन. पहिल्याच दिवशी त्यांच्या तुकडीतले जवान मेले, ते स्वतः जखमी झाले, तरी हटले नाहीत. एका टप्प्यावर तर रणगाड्याखाली सरपटत, वरच्या चालकाला दोरीने इशारे देत पुढे गेले. परमवीरचक्र मिळालं ते रस्ता मोकळा केला म्हणून. मुंबईकरांना माहीत नसतं, पण आपल्या इथल्याच शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं होतं.

इंजिनिअर्सचं ब्रीदवाक्य "सर्वत्र". आमच्यासाठी याचा अर्थ आधी आम्ही पोचायचं, मग रणगाडे, मग बाकीचे. रस्ता नसेल तर इन्फंट्रीला रेशन कुठून मिळणार?

परळचा_पाहुणा

+१. प्रभादेवीला उतरून रोज त्या पादचारी पुलावरून जाणाऱ्यांपैकी किती जणांना आठवतं की तो लष्कराने बांधलाय? २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टनच्या (म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या) जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर एल्फिन्स्टन, करी रोड आणि आंबिवली असे तीन पूल बॉम्बे सॅपर्सनी उभारले, फेब्रुवारी २०१८ ला खुले झाले. सत्काराच्या भाषणात हे सांगा, सोसायटीला लगेच कळेल बाबा काय करत होते.

तिरकस_तात्या

त्या वेळीही मी हेच म्हणत होतो की रेल्वेचं काम रेल्वेने करायला हवं होतं. सैन्याला पुलाला जुंपणं ही सरकारची लाज, कौतुक कसलं?

आणि दुसरा मुद्दा, राग मानू नका. आमच्या चाळीत ज्यांनी आयुष्यात पिशवी सोडून काही उचललं नाही त्यांनाही ऐकू कमी येतं आणि दम लागतो. बाबा विडी-सिगारेट ओढायचे का? सगळं नोकरीच्या खात्यावर टाकायची हल्ली फॅशन आहे.

मुलुंडकरीण

तात्या, ओढायचे. कँटीनमधून मिळायच्या, थंडीत सगळेच ओढायचे. सोडूनही बराच काळ झाला. पुलाची चर्चा कृपया दुसऱ्या धाग्यावर करा.

छातीचा_डॉक्टर

मी सरकारी रुग्णालयात छातीरोग विभागात आहे. इथून निदान करता येत नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच करायचं. पण तुमच्या मजकुरातल्या तीन गोष्टी मला टोचल्या: डोंगरातल्या रस्त्यांचं, म्हणजे दगड फोडण्याचं काम, थुंकीत जंतू न सापडता एक्स-रेवरून दिलेली टीबीची औषधं, आणि औषधांनी न पडलेला फरक.

असा रुग्ण समोर आला की आम्ही सिलिकोसिसचा, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचा, विचार करतो. ग्रॅनाइट, क्वार्ट्झ, वाळूचा दगड असा कुठलाही सिलिका असलेला दगड ड्रिलने, क्रशरने किंवा स्फोटाने फोडला की डोळ्यांना न दिसणारी धूळ उडते. मोठे कण नाका-घशात अडकतात, अगदी बारीक कण फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात. तिथल्या पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत, मरतात, पुन्हा नव्या पेशी गिळतात, आणि त्या भांडणात फुफ्फुसात कडक गाठी तयार होतात. क्ष-किरणात या गाठी बहुधा वरच्या भागात दिसतात. टीबीही आवडीने तिथेच बसतो, म्हणून गफलत होते. वर आणखी गुंतागुंत अशी की सिलिकोसिस असलेल्या माणसाला खरा टीबी होण्याचा धोकाही वाढतो. त्यामुळे जुनी औषधं चुकीचीच होती असं मी म्हणणार नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे धुळीपासून लांब गेल्यावरही हा आजार पुढे सरकत राहतो. कित्येकदा काम सोडल्यानंतर वर्षांनी लक्षणं येतात. म्हणून "निवृत्तीच्या वेळी तर ठणठणीत होते" हा पुरावा ठरत नाही.

तात्यांच्या मुद्द्याबद्दल. सिगारेटने फुफ्फुसं खराब होतात यात वाद नाही, पण तिचं नुकसान वेगळ्या प्रकारचं असतं, आणि धूळ नि धूर एकत्र आले की दोन्हींची बेरीज होते. सिगारेट ओढली म्हणून धुळीचा प्रश्न विचारायचाच नाही, हे वैद्यकशास्त्र नाही.

करायचं काय? जुने सगळे एक्स-रे शोधा, टीबीच्या वेळचा तर सोनं आहे. नवा काढून शेजारी ठेवायचा. छातीचा एचआरसीटी (बारकाईचा सीटी स्कॅन), स्पायरोमेट्री (फुंकून करायची श्वासाची चाचणी), थुंकीची पुन्हा तपासणी. गाठी मिटवणारं औषध नाही हे स्पष्ट सांगतो, पण टीबी वेळीच पकडणं, फ्लू आणि न्यूमोनियाची लस, श्वासाचे व्यायाम, गरज पडली तर ऑक्सिजन, यांनी माणूस पूल चढू शकतो. आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, "आयुष्यभर दगड फोडले." आम्हाला ओपीडीत वेळ नसतो, हे विचारायचं राहून जातं.

कानसेन

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारा. वयाने जाणारे कान आणि आवाजाने जाणारे कान यांचा चाचणीतला आलेख सुरुवातीला वेगळा दिसतो. आवाजाने गेलेल्यात ४००० हर्ट्झच्या, म्हणजे वरच्या पट्टीतल्या आवाजाच्या, आसपास खड्डा असतो. खूप वय झाल्यावर तो खड्डा बुजून दोन्ही आलेख सारखे दिसायला लागतात, म्हणून तरुणपणीची एखादी चाचणी असेल तर शोधाच.

८५ डेसिबल हा आवाज आठ तास सोसता येतो असं धरतात. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. १०० डेसिबलला पाव तास उरतो. खडक फोडायचं ड्रिल त्याहून मोठा आवाज करतं, आणि स्फोटाचा धक्का तर एका क्षणात इजा करतो. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. पायवाटेवरचं गवत दोन पावलांनी पुन्हा उभं राहतं, रोज तुडवलं की तिथे उगवतच नाही, तसं.

घरातल्यांना छळणारी गोष्ट वेगळीच असते. अशा माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाहीत. वरच्या पट्टीतले ध्वनी आधी जातात, स, श, त, फ असले. त्यामुळे "पाणी दे" ऐकू येतं, "साखर संपली" नाही. नातवंडांचं बोलणं सगळ्यात आधी हरवतं. मग घरचे म्हणतात, हवं तेवढंच ऐकतात. हे ऐकून मी दमलो आहे.

कान शिट्टी मारतात का हे विचारा. फौजी माणूस आपणहून सांगत नाही.

मुलुंडकरीण

विचारलं. म्हणाले, "रात्री कंप्रेसर चालू असतो." आई एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ऐकत होती.

लेह_ते_लालबाग

मी लडाखला मोटरसायकलवर जाणाऱ्यांपैकी. खारदुंग ला या खिंडीच्या पाटीखाली फोटो काढतो, उमलिंग ला १९,०२४ फुटांवर आहे म्हणून छाती फुगवतो. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच असतो, आम्हाला हेल्मेट उचलताना धाप लागते. तिथे माणसं फावडी मारत असतात. हे रस्ते बांधणारी बीआरओ, म्हणजे सीमा रस्ते संघटना, १९६० साली, ७ मे ला सुरू झाली. ब्रीद आहे "श्रमेण सर्वं साध्यम्".

एक गोष्ट मात्र धाग्यात यायला हवी. सुभेदार साहेबांना पेन्शन आहे, दवाखाना आहे. त्याच रस्त्यावर डांबराच्या पिंपाशेजारी उभे असलेले हंगामी मजूर झारखंडचे, दुमका भागातले असतात. तोंडाला गमछा, डोळे लाल. सीझन संपला की परत गावी. त्यांच्या फुफ्फुसाचा एक्स-रे कोण काढणार? मला विचारलंत तर सत्कारात त्यांचाही उल्लेख हवा.

खडकीवाला

बरोबर बोललात. माझ्या हाताखाली असे लोक होते. आम्हाला निदान वर्षातून एकदा मेडिकल व्हायचं.

पेन्शनबाबू

आता कागदांचं बोलू. माझी सारी नोकरी अशाच फायलींत गेली.

सैन्यात प्रकृतीची श्रेणी "शेप" (SHAPE) या इंग्रजी आद्याक्षरांनी ठरते. त्यातला एच म्हणजे हिअरिंग. शेप-वन म्हणजे सगळं ठीक. श्रेणी खाली गेली की बढती, कोर्स, पोस्टिंग सगळ्यावर परिणाम होतो, म्हणून जवान दुखणं अंगावर काढतो. कानाच्या चाचणीत टोन ऐकू न येताही बटण दाबणारे मी स्वतः पाहिलेत. मग निवृत्तीच्या मेडिकल बोर्डावर "शेप-वन" लागतं आणि नंतर आयुष्यभर पुरावा नसतो. बाबांचं असंच झालंय का?

झालं असेल तर विकलांगता पेन्शन अवघड आहे, खोटी आशा दाखवत नाही. साधारणपणे अपंगत्व २० टक्के किंवा अधिक आणि ते सेवेमुळे झालेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं ठरावं लागतं. निवृत्तीनंतर उद्भवलेल्या आजारासाठी वेगळी तरतूद आहे, पण तिला मुदत असते, आणि बाबांची बहुधा उलटलेली असेल. कोणत्या साली निवृत्त झाले त्यावर कोणते नियम लागू होतात ते ठरतं; १९८२ चे नियम आणि २०२३ चे नवे नियम यात बराच फरक आहे, नवे जास्त कडक आहेत.

तरी २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा धरमवीर सिंग निकाल लक्षात ठेवा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं, आणि आजार नोकरीमुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी जवानावर नाही, सरकारवर. आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलचं, म्हणजे फौजींच्या नोकरी-पेन्शनचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचं, खंडपीठ मुंबईतही आहे. वकिलाकडे जाण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथे अर्ज लिहून देणारी माणसं असतात.

पेन्शनचं काय व्हायचं ते होवो, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड आहे ना? ती योजना एप्रिल २००३ पासून आहे. पॉलिक्लिनिकमधून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे रेफरल, मग ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी), मग श्रवणयंत्र. यंत्राचा खर्च योजनेत ठरलेल्या मर्यादेत मिळतो. स्वतःच्या खिशातून आधी घेऊन नंतर बिल लावायला जाऊ नका, मंजुरी आधी.

सातासमुद्रापार

इथे अमेरिकेत २०२२ मध्ये पॅक्ट कायदा झाला. इराक-अफगाणिस्तानात कचरा जाळायच्या खड्ड्यांच्या धुराने आजारी पडलेल्या सैनिकांना ठरावीक आजार आणि ठरावीक जागांवरची नोकरी एवढंच दाखवावं लागतं, कारण सिद्ध करत बसावं लागत नाही. सगळं सुरळीत चाललंय असं नाही, पण पुरावा द्यायचा भार कोणावर हा मूळ मुद्दा आहे. आपल्याकडे राजस्थानने २०१९ ला खाण आणि दगड कामगारांसाठी सिलिकोसिसचं धोरण काढलं होतं. ते सैनिकांसाठी नाही, पण दिशा तीच.

तिरकस_तात्या

वाचलं सगळं. डॉक्टर, धूळ-धुराच्या बेरजेचं पटलं. पण एक प्रश्न राहतोच. पाण्याचा फवारा मारून ड्रिल केलं की धूळ बसते, हे सगळ्या जगाला माहीत आहे. सुभेदार साहेबांसारख्या शिकलेल्या माणसाने ते का केलं नाही?

मुलुंडकरीण

तात्या, तुमचा प्रश्न बाबांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवला. (कानसेन, तुमच्यामुळे आता घरात पाटी-पेन्सिल आली आहे. ओरडणं बंद.) उत्तर टाइप करतेय, जमेल तेवढं त्यांच्याच शब्दांत.

"पाणी कुठून आणू? पाइपमध्ये गोठायचं. सकाळी नळी ठोकून बर्फ काढायला लागायचा, ड्रिल तापेपर्यंत दुपार, दुपारनंतर वारा. सीझन मे ते ऑक्टोबर, त्यात पाऊस, दरडी, मध्ये कॉन्व्हॉय, फौजी गाड्यांचा ताफा. तो आला की काम थांबव, गेला की पुन्हा सुरू. पाणी ओतत बसलो असतो तर एका मोसमात अर्धा मैलही झाला नसता आणि वरच्या पोस्टला थंडीचं रेशन पोचलं नसतं. मास्क होते. थंडीत श्वासाने ओले होऊन कडक व्हायचे, पोरं काढून टाकायची. मी ओरडायचो, मग मीही काढायचो."

मग बेली पुलाचं सांगत बसले, सुटे लोखंडी भाग जोडून उभा करतात तो. त्या पुलाचं एक पॅनेल साधारण २६० किलोचं, सहा जणांनी दांड्यांवर उचलायचं. पहिला खांदा चुकला की मागच्याच्या पायावर येतं. "इंग्रजांनी सोडलेलं हे एकच सामान अजून चालतं," असंही म्हणाले. कंबरेचं विचारलं तर "ती सगळ्यांचीच जाते."

हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलंय. डॉक्टरांकडे नेण्यासाठी कुठल्या वर्षी कुठे, कुठलं काम, ड्रिल की क्रशर की स्फोट, अशी यादी आई आणि मी मिळून लिहितोय. बाबांचे जुने सहकारी फोनवर वर्षं दुरुस्त करून देतात.

आणि हे आज सकाळचं: आमच्या मागच्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट चालू आहे. ब्रेकरने कॉलम फोडतायत, कोरडं. बाबा गॅलरीतून हातवारे करत होते, मग खाली गेले. सुपरवायझरला म्हणाले, पाणी मारा, इथे तर नळाला पाणी आहे. त्याने "हो काका" म्हणून चहा पाजला. दुपारी टँकरची पाइप आली. संध्याकाळी पुन्हा कोरडंच.

छातीचा_डॉक्टर

ही यादी कुठल्याही तपासणीइतकी महत्त्वाची आहे. तिची एक प्रत फाइलमध्ये पहिल्या पानावर लावा. बाकी, ब्रेकरवर काम करणाऱ्या पोरांना माझ्या ओपीडीत पाठवा, शक्य असेल तर एकाच वेळी चार-पाच. एकटा माणूस रोजी बुडवून येत नाही.

सोसायटी_सेक्रेटरी

मला हा धागा आमच्या ग्रुपवर कोणीतरी पाठवला. ओळखलंत ना ताई? माझं भाषण रद्द. त्याऐवजी सुभेदार साहेबांनी मुलांना पूल कसा जोडतात ते दाखवावं, आमच्याकडे मेकॅनोचे सेट आहेत. माइकचा आवाज भिंतीवर आदळून घुमतो, त्यामुळे अंगणात, खुर्च्या अर्धगोलात. प्रश्न कागदावर लिहून यायचे. शाल मात्र देणार, ती मंजूर झाली आहे आणि आणूनही ठेवली आहे.

मुलुंडकरीण

ओळखलं. :) बाबा "बघू" म्हणाले, म्हणजे हो.

पेन्शनबाबू, सोमवारी रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवतेय. नेमकं काय मागू? मोघम लिहिलं तर मोघम उत्तर येतं हे आता कळतं.

पेन्शनबाबू

रिलीज (निवृत्तीच्या) मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत. भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल. मधल्या सगळ्या वार्षिक वैद्यकीय तपासण्या, ऑडिओग्रामसकट (कानांच्या चाचणीचे आलेख). सेवेच्या नोंदींतलं पोस्टिंगचं पान, म्हणजे तुमची यादी त्याच्याशी जुळवता येईल. अर्जावर आर्मी नंबर, रँक, निवृत्तीची तारीख, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर. बाबांची सही पेन्शनच्या कागदांवर आहे तशीच हवी, थरथरली तर आधी कोऱ्या कागदावर सराव करा. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात तेच पुन्हा मागा.